डब्यातलं बी यंदाच टाका

चाकण,
पांडवपंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल पहाटे सुखरूप पोचले. आई, चकल्यांचा डबा बसमध्ये एकदाही उघडला नाही, जसाच्या तसा आणला. चिवड्याचं मात्र सांगत नाही.

घरी आठ दिवस होते आणि एक गोष्ट रोज बोलायची ठरवून रोज राहून गेली. बाबा समोर बसले की तोंडाशी आलेलं परत जायचं. म्हणून लिहिते.

भाऊबीजेच्या सकाळी मी घरामागच्या सांदवाडीत गेले होते. कडुलिंबाखालचे कांद्याचे वाफे तसेच सपाट पडलेत, त्यावर तरोटा वाळून गेलाय. दरवर्षी दिवाळीच्या आधी तिथं रोपाचा वाफा हिरवागार असतो. चुलीपाशी आई म्हणाली, "यंदा कांदा नाही म्हणतात तुह्ये बाबा. आर्वीच्या बाजारातून आणू म्हणतात." मी काही बोलले नाही. आषाढातला तो दिवस मला आठवला. कांदेनवमीची भजी करायची म्हणून आईनं कोपऱ्यातली बोरी ओढली आणि बोरीखालून पिवळं पाणी फरशीवर पसरलं. वरचे कांदे वरून चांगले दिसत होते. हातात घेऊन मानेपाशी अंगठा दाबला की आत मऊ लागायचं, आणि दुसऱ्या दाबाला आतलं भुळकन बाहेर यायचं. दोन बोऱ्या आम्ही सपरीत ओतल्या, त्यातून टोपलंभर निघाले. बाबा, तुम्ही बाजेवर बसून ते सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणालात, "माती आता माह्यं आयकत नाही."

बाबा, माती तुमचं ऐकते. यंदा तिनं माझं ऐकलं, म्हणून कांदा सडला.

आठवून पाहा. बी तेच होतं, आजीच्या हातचं. जागा तीच, वाफे तुम्हीच केलेले, रोप आईनं लावलेलं. तेच सगळं आदल्या वर्षीही होतं आणि तो कांदा दसऱ्यापर्यंत टिकला होता. मग बदललं काय? मार्चमध्ये मी पंधरा दिवस घरी होते. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून सांदवाडी मी पाहत होते. पात जरा पिवळी दिसली तर तुम्हाला न विचारता प्रत्येक वाफ्यात दोन-दोन मुठी युरिया टाकला. पात चार दिवसांत काळीभोर हिरवी झाली आणि मला वाटलं केवढं काम केलं. मग जाताना आईला सांगून गेले की उन्हं वाढली, पाइप बंद करू नको. एप्रिलमध्ये परत आले तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत पाणी चालू होतं. ओल्या मातीतून कांदे उपटले, एक दिवस उन्हात ठेवले, पात मुळापाशी कापली आणि बोऱ्यांत भरून कोपऱ्यात लावले. रजा संपत होती, मला घाई होती. तुम्ही म्हणालात, "अजून सुकू दे, बाई." मी ऐकलं नाही.

यात किती चुका झाल्या ते मला इथं आल्यावर कळलं. चाकणहून राजगुरूनगर जवळ आहे. कांदा-लसणाचं केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय तिथंच आहे, भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण तिथलेच. तेव्हापासून मी कांद्याबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि या भागातल्या कांदेवाल्या शेतकऱ्यांना विचारते आहे. कांद्याला नत्र द्यायचं ते लावताना आणि मग महिन्या-दीड महिन्याच्या आत. गड्डा धरायला लागल्यावर युरिया दिला की झाड परत पातीकडे वळतं, मान जाड होते. जाड मान नीट सुकत नाही, मिटत नाही, आणि सड तिथूनच आत उतरते. म्हणूनच आपले कांदे वरून चांगले आणि मानेपाशी मऊ होते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पाणी तोडावं लागतं, तेव्हा कांदा आपली मान बारीक करतो आणि सालं घट्ट गुंडाळून घेतो. ते मी होऊ दिलं नाही. उरलेलं काम हवा नसलेल्या बोरीनं केलं.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्ही तर गुढीपाडव्यानंतर कांद्याला पाणीच दाखवत नव्हता. कारण पुस्तकात वाचलं नसेल, पण हात बरोबर होता.

आता खरं सांगायचं ते. बाबा, देवळीतल्या पितळी डब्यात बी आहे, मी उघडून पाहिलं. मे महिन्यात तुम्ही डेंगळ्यांचे, कांद्याच्या फुलदांड्यांचे, बोंडे चोळून काढलेलं, काळं, टोकदार. कांद्याचं बी गव्हा-हरभऱ्यासारखं राहत नाही, वर्षभरात त्याचा जीव जातो. पुढच्या दिवाळीला हेच बी टाकलं तर फार थोडं उगवेल. आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी आत्ता लावायला हवे होते ते वीस-पंचवीस निवडक कांदे त्याच बोऱ्यांत सडले. म्हणजे यंदा डेंगळे नाहीत, येत्या मे महिन्यात नवीन बी नाही. आजीनं माहेराहून पदराच्या गाठीत आणलेला हा फिकट लाल कांदा आता फक्त त्या डब्यात आहे. बाजारात कांदा मिळेल, हा मिळणार नाही. याच कार्तिकात बी टाकलं तर एप्रिलमध्ये कांदा, त्यातले चांगले पुढच्या दिवाळीला मातीत आणि त्याच्या पुढच्या मेमध्ये परत बी. एक वर्ष गेलं तर साखळी तुटली.

पूर्वीसारखे सहा वाफे नकोत. दोनच करा. एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. रुंदी यापेक्षा वाढवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय घालावा लागत नाही. दोन रोपांत दहा सेंमी, दोन ओळींत पंधरा सेंमी धरलं तर एका वाफ्यात २०० रोपं बसतात. कांदा सरासरी ७५ ग्रॅमचा धरला तरी एका वाफ्याचे १५ किलो, दोन्हीचे ३०. तुम्हा दोघांना पुष्कळ झाले, बियाण्याचे वेगळे काढूनही.

आपली माती काळी, भारी. पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. कांद्याची बहुतेक मुळं वीतभरापेक्षा खोल जात नाहीत, त्यामुळे दोन्हीकडून त्रास त्यालाच. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून घ्या आणि कोठ्यामागच्या खताच्या खड्ड्यातलं, तळाचं, पूर्ण कुजलेलं शेणखत घाला. वरचं ताजं घालू नका, त्यातून हुमणी येते. खणायला आणि टोपली उचलायला शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगितलं आहे, तो रविवारी येईल. बाबा, तुम्ही फक्त उभं राहून सांगा. त्याला पैसे मी दिले आहेत, परत देऊ नका.

बी या आठवड्यातच टाका. बोटभर अंतरावर रेघा ओढून, पातळ, वर चाळलेलं खत आणि त्यावर कुटाराचा हलका थर. दाट टाकलं आणि पाणी साचलं की रोप मान टाकून मरतं. आई झारीनं पाणी देईल. मोड वर दिसले की त्याच संध्याकाळी कुटार काढून घ्या. रोप ४५-५० दिवसांचं झालं की लावायचं, म्हणजे नाताळच्या सुमारास. जून झालेलं रोप लावलं तर थंडीत त्याला लवकर डेंगळे फुटतात, कांदा धरत नाही. आई, तुझा मोतीबिंदू काढलेला डोळा अजून नवा आहे, भर उन्हात लावायला बसू नकोस, संध्याकाळी बस. आणि रोप खोल दाबू नकोस. तुझी ती सवय आहे, घट्ट बसावं म्हणून दाबायची. मुळं झाकली की पुरे, कांदा मातीवर बसून फुगतो.

निंदण वेळेवर काढा, कांद्याची पात बारीक, तिची सावली पडत नाही म्हणून तण लगेच वर येतं. खुरपं वरवर चालवा.

फेब्रुवारीत एक काम आईचं. दर चार दिवसांनी एखाद्या झाडाची मधली पात उघडून बेचक्यात बघायचं. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे धावताना दिसले आणि पातीवर चांदीसारखे पांढरे चट्टे आले की तो फुलकिडा. पूर्वी बाबा राख फुंकायचे. आता निंबोळ्या आहेतच. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, थोडा साबणाचा फेस, आणि संध्याकाळी फवारायचं. वाफ्यांच्या कडेनं मक्याची एक ओळ आत्ताच टोचून ठेवा. उडत येणारा फुलकिडा मक्यावर अडतो, आणि बाबांना भाजायला कणसं मिळतील. पातीवर जांभळे लांबट डाग दिसले तर तो करपा. तेव्हा मला फोटो पाठवा, स्वतःहून दुकानातून औषध आणू नका.

युरिया घरात ठेवूच नका. मी राहिलेला अर्धा डबा येताना शेजारी देऊन आले.

पाणी थंडीत आठ-दहा दिवसांनी, फेब्रुवारीच्या अखेरपासून पाच-सहा दिवसांनी, थोडं थोडं. निम्म्या माना आपोआप पडल्या की कांदा तयार. पायानं तुडवून पाडायची पद्धत आहे आपल्याकडे, ती नको, त्यांना त्यांच्या मनानं पडू दे. उपटल्यावर तीन-चार दिवस वावरासारखंच वाफ्यावर पसरायचे, एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर, कारण आपलं एप्रिलचं ऊन कांदा भाजून काढतं. मग दोन बोटं मान ठेवून पात कापायची आणि पंधरा दिवस सपरीत सावलीला. साठवायला बोरी नाही. आजोबांची जुनी बाज माळ्यावर आहे, तिची सुतळी मी दिवाळीत ताणून घट्ट केली. तुम्ही विचारलंत कशाला, तर यासाठी. तिच्यावर दोनच थर, खालून हवा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मी पूर्ण महिन्याची रजा मागितली आहे, साहेबांनी हो म्हटलंय. कांदे मी उपटीन, सावलीत मी पसरीन, बाजेवर मी लावीन, आणि बियाण्याचे पंचवीस बाबा निवडतील. पाइप मात्र मी यायच्या आधी, रामनवमीच्या सुमारास बंद करून टाका. आईनं कितीही म्हटलं तरी.

बी टाकलं की त्या दिवशी फोन करा. मी दुपारी दोन वाजता मोकळी असते.

तुमची,
मोठी