नाव कुणाची?

प्रिय सुध्या,

सात महिने पत्र नाही, मान्य. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बस.

परवा एका वादविवादात मी हार्डिनची बाजू मांडली. हो, तोच अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन, ज्याच्यापायी तू माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला होतास. 1974 च्या लेखातली त्याची ती कल्पनेतली नाव, आत श्रीमंत देश, पाण्यात गरीब देश: आत 50 जण, जागा 60 ची, पाण्यात 100. सगळे घेतले तर बुडणार. दहा घेतले तर राखीव जागा संपणार. तेव्हा कुणालाच घेऊ नका. गरीब देशांना धान्य नको, सीमा बंद. बाजू चिठ्ठीतून आली होती रे, पण मी जिंकलो. आणि टाळ्या पडताना मला ते पटत होतं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू तेव्हा ओरडला होतास, "आधी सांग, नाव कुणाची?" आणि टेबलावर मूठ आपटून स्वतःचाच चष्मा फोडलास. आम्ही हसत बसलो, मुद्दा राहून गेला.

रात्री टायटॅनिक काढून बसलो. माणसं सुमारे 2,200, नावांत जागा 1,178, वाचले जेमतेम 700. म्हणजे जागा होत्याच की! एका नावेत 40 ची सोय, बसले 12, आणि ती बुडणाऱ्यांकडे परतलीच नाही. मग जानेवारी 1914 मध्ये देशांनी करार केला: जहाजावरच्या प्रत्येकासाठी नावेत जागा हवी. तो अमलात यायच्या आत महायुद्ध. आता बोल!

हार्डिनचा एक काटा मात्र निघत नाही. पृथ्वीला कप्तान नाही, संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे दात नसलेला वाघ, असं तो म्हणतो. मला वाटतं दात आहेत, पण पाच जणांच्या तोंडात. 193 देशांत पाचांनाच नकाराधिकार. व्यापार संघटनेतही तेच: कोविडमध्ये ऑक्टोबर 2020 ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे लशी-औषधांच्या पेटंटमधून सूट मागितली. जून 2022 ला मिळाली ती फक्त लशींपुरती, तीही कापून. तोवर किती जण पाण्यात होते?

तरी सभागृहात हे एकाही प्रतिपक्ष्याला सुचलं नाही. मला सुचत होतं, आणि मी गप्प बसलो. जिंकायचं होतं ना.

नवी नोकरी मानवली का? धाकटी आता चालत असेल. वहिनींना नमस्कार.

पुढच्या महिन्यात परतीचा सामना आहे, या वेळी बाजू आपल्याला निवडता येते. जोडीदार लागतो. येतोस? चष्मा काढून ठेव.

तुझाच,
बंड्या