दरमहाच्या औषधांच्या चिठ्ठीवर मुदत हवी

प्रति,
मा. संपादक,

विषय : दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांची चिठ्ठी आणि भरवशाचे मेडिकल

महोदय,

ज्या घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा फेफरे यांपैकी एखादा विकार असतो, त्या घराचा डॉक्टरांशी संबंध वर्षातून मोजक्या वेळा येतो. मेडिकलच्या दुकानाशी मात्र तो दर महिन्याला येतो. त्यामुळे दुकान कोणते निवडावे, हा प्रश्न दवाखाना कोणता निवडावा याच्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात ही निवड 'तिथे सूट किती मिळते' एवढ्या एकाच चौकशीवर होते. साताऱ्यात राहून घरातल्या ज्येष्ठांची औषधे वर्षानुवर्षे आणत आलेली एक गृहिणी म्हणून, या व्यवहारातील एका उणिवेकडे मी डॉक्टर, औषध विक्रेते आणि अन्न व औषध प्रशासन या तिघांचे लक्ष वेधू इच्छिते.

ही उणीव मुळात चिठ्ठीत आहे. औषध नियम, 1945 (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यातील नियम 65 असे सांगतो की, 'एच' अनुसूचीतील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाची चिठ्ठी पुन्हा चालेल असे डॉक्टरांनी तिच्यावर लिहिलेले नसेल, तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. किती वेळा आणि किती अंतराने द्यायचे हे लिहिलेले असेल, तर तसेच द्यावे लागते. आणि प्रत्येक वेळी विक्रेत्याने दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. नियम अगदी समंजस आहे. परंतु आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर औषधांच्या नावांखाली 'एक महिना' किंवा नुसतेच 'चालू ठेवणे' असा शेरा असतो, आणि डॉक्टर पुढच्या भेटीला तीन-चार महिन्यांनी बोलावतात. मधल्या महिन्यांत रुग्णाने काय करावे, याचे उत्तर त्या कागदावर कुठेच नसते.

याचा परिणाम असा होतो की, जो विक्रेता नियम पाळून 'नवी चिठ्ठी आणा' म्हणतो, तो गिऱ्हाइकाला अडेलतट्टू वाटतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. शेजारचा विक्रेता रिकामे पाकीट पाहून, कधी मोबाइलवरचा फोटो पाहून, गोळ्या काढून देतो. नियमाने वागणाऱ्याचे नुकसान आणि न वागणाऱ्याचा धंदा, अशी ही उलटी व्यवस्था आपणच चालू ठेवली आहे. दोन्ही बाजूंनी धोका रुग्णालाच आहे. डॉक्टरांनी मात्रा बदललेली असली तरी जुन्या पाकिटावर जुनीच मात्रा महिनोन्‌महिने घरात येत राहते. उलट, चिठ्ठीअभावी औषध मिळाले नाही, तर मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी हृदयाची गोळी एकदम बंद होऊन रक्तदाब उसळू शकतो आणि फेफऱ्याच्या रुग्णाला औषध चुकल्याने पुन्हा झटका येऊ शकतो. जावळी किंवा पाटण खोऱ्यातल्या एखाद्या वाडीतून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला केवळ चिठ्ठी नवी करण्यासाठी तपासणीची फी आणि दिवसाची मजुरी असा दुहेरी भुर्दंड बसतो, हेही विसरता येणार नाही.

दुसरा मुद्दा बदली औषधाचा. 'ही कंपनी सध्या येत नाही, ही घ्या, औषध तेच आहे' हे वाक्य प्रत्येक काउंटरवर ऐकू येते. वरील नियमानुसार चिठ्ठीवर लिहिलेल्या 'एच' अनुसूचीतील औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध विक्रेत्याला परस्पर देता येत नाही. डॉक्टरांनी केवळ घटकाचे नाव लिहिले असेल तर कंपनी निवडण्याला वाव राहतो, हे खरे. आणि जेनेरिक औषधांना माझा मुळीच विरोध नाही. जनऔषधी केंद्रांनी असंख्य कुटुंबांचा खर्च आटोक्यात आणला आहे आणि डॉक्टरांच्या संमतीने एकदा त्या गोळ्या सुरू केल्या, तर त्यांतही सातत्य राखता येते. माझा आक्षेप आहे तो दर महिन्याला न सांगता होणाऱ्या बदलाला. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि तिच्या मात्रेतला लहानसा फरकही रक्ततपासणीत उमटतो. कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) पुन्हा तपासावे लागते. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत एका दुकानातून लागोपाठ वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या येत गेल्या, तपासणीचा आकडा वरखाली होत राहिला आणि डॉक्टर मात्रा बदलत राहिले. बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्यावर कारण लक्षात आले. मेटोप्रोलॉलमध्ये तर साधी गोळी आणि शरीरात सावकाश विरघळणारी गोळी असे दोन वेगळे प्रकार आहेत. पाकिटावरचे नाव जवळपास सारखे दिसते, पण एकाऐवजी दुसरी घेतली तर दिवसभराचे गणित बिघडते. इन्सुलिनची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण आपल्याकडे बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर पेनमधील इन्सुलिन 100 युनिटचे असते, आणि त्या त्या प्रकाराची सिरिंजही वेगळी असते. 40 च्या बाटलीबरोबर 100 ची सिरिंज देणारा विक्रेता किती मोठी चूक करतो, हे मधुमेही माणसाच्या घरातल्यांना वेगळे सांगायला नको.

हे सगळे सांभाळणारे दुकान ओळखायचे कसे, असे शेजारीपाजारी मला विचारतात. मी प्रथम पाहते ती दुकानातल्या फार्मासिस्टची उपस्थिती. परवाना ग्राहकाला दिसेल असा लावणे बंधनकारक आहे, आणि चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे, हेही. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर रोज दुसराच तरुण, असे दिसले की मी पुढे जाते. त्यानंतर बिल. त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलीच पाहिजे. पांढऱ्या चिठोऱ्यावर बेरीज करून देणाऱ्याकडून कधीही दरमहाचे औषध घेऊ नये, कारण पुढे गोळी सदोष निघाली तर तक्रारीला आधारच उरत नाही. पाकीट कापून सुट्या गोळ्या देताना बॅच आणि तारीख छापलेला तुकडा कुणाकडे जातो, याकडेही लक्ष असावे. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहायला हवे, म्हणून वीज गेल्यावर फ्रिजचे काय करता, हा प्रश्न मी उघडपणे विचारते, आणि चांगला विक्रेता त्याचा राग मानत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला आहे, तोही जरूर तपासावा.

सवलतीच्या पाट्यांबद्दल एवढेच म्हणेन की, सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचे मार्जिन 16 टक्के धरलेले आहे. मोठ्या साखळी दुकानांना घाऊक खरेदीत जास्त सवलत मिळत असेल. परंतु एखादे छोटे दुकान सरसकट त्याहून अधिक सूट देत असेल, तर ती भरून कशातून निघते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. छापील किंमत मुळातच फुगवलेल्या कंपनीची गोळी हाती ठेवून सूट दिल्याचे समाधान देणे काही अवघड नसते. घरपोच औषध देणाऱ्या ॲपनाही मी हेच प्रश्न विचारीन. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी ती सोय मोलाची आहे, पण पार्सलमध्ये बदली कंपनी आली तर ती परत करण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

विक्रेत्यांची बाजूही मला मांडावीशी वाटते. पूर्णवेळ फार्मासिस्ट ठेवण्याचा खर्च लहान गावातल्या दुकानाला जड जातो. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आग्रह धरला गेला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांशी झालेला संघर्ष वाचकांना आठवत असेल. त्या आग्रहाची बाजू मला आजही योग्य वाटते, मात्र केवळ दुकानांवर छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. चिठ्ठी अपुरी असेल तर प्रामाणिक विक्रेताही कात्रीत सापडतो.

म्हणून माझी पहिली विनंती डॉक्टरांना आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर 'दरमहा 30 गोळ्या, तीन वेळा' इतके स्पष्ट लिहावे, पुढील तपासणीची तारीख घालावी आणि ज्या औषधाची कंपनी बदलू नये असे त्यांना वाटते, त्यापुढे तसे नमूद करावे. वेळ नसेल तर याचा रबरी शिक्का करून घेता येईल. विक्रेत्यांनी दर वेळी त्याच कागदावर आपला शिक्का आणि तारीख उमटवावी, म्हणजे किती वेळा औषध दिले गेले हे पुढच्या दुकानदारालाही कळेल. औषध निरीक्षकांनी तपासणीच्या वेळी परवान्याबरोबर या नोंदीही पाहाव्यात, आणि जिल्ह्यातील डॉक्टर व विक्रेते यांच्या संघटनांची एकत्र बैठक प्रशासनाने बोलवावी. ग्राहकांनीही परस्पर बदली औषध दिल्याची किंवा बिल नाकारल्याची तक्रार प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर करावी. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या 'एच-1' या अधिक कडक अनुसूचीतील गोळ्यांना मात्र ही पुनःपुन्हा देण्याची सवलत सरसकट लागू करू नये. त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवून ती तीन वर्षे जपण्याचा नियम सवय लावणाऱ्या औषधांच्या बाबतीत आवश्यकच आहे, आणि ती वही तपासली जाते का, याचे उत्तर प्रशासनाने जाहीरपणे द्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा