झेपेलिनच्या पाकिटावरचं तिकीट सोडवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णेचा पूर ओसरला की सांगलीत माळ्यावरचे गठ्ठे वाळवायला अंगणात येतात. त्यात जुनं परदेशी पाकीट निघालं, की वाटीभर पाण्यात भिजवून वरचं तिकीट सोडवलं जातं आणि पाकीट बंबात जातं. पाकीट १९२८ ते १९३७ मधलं असेल आणि त्यावर झेपेलिनचा, म्हणजे हलक्या वायूने तरंगणाऱ्या महाकाय जर्मन एअरशिपचा (हवाई जहाजाचा), शिक्का असेल, तर जपायची वस्तू ते अख्खं पाकीटच आहे.

प्रवासी एअरशिप माणसांबरोबर टपालही नेत. पाकिटावर निघाल्याचा शिक्का, त्या उड्डाणाचा खास शिक्का आणि बहुधा मागे पोचल्याचा शिक्का असतो. पत्र कोणत्या उड्डाणाने गेलं, हे या तिघांच्या मेळातून कळतं. सोडवलेल्या तिकिटावरून ते कळणं कठीण. शिवाय या शिक्क्यांची लाल-जांभळी शाई पाण्यात उतरू शकते.

नकली माल ओळखायलाही हाच मेळ कामी येतो. पृथ्वीप्रदक्षिणेत ‘ग्राफ झेपेलिन’ १५ ऑगस्ट १९२९ ला जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनहून निघालं, १९ ला टोकियोजवळ उतरलं, २३ ला तिथून निघून २६ ला लॉस एंजेलिसला आणि २९ ला अमेरिकेतच न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला पोचलं. या प्रवासाच्या पाकिटावर टोकियोला पोचल्याचा शिक्का १७ तारखेचा असेल तर पुढे बघायचं कारणच नाही. तसंच ब्रिटिशांच्या ‘आर-१०१’ या एअरशिपचं. ते तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला यायला निघालं होतं, तिथे त्यासाठी प्रचंड हँगरही उभारला होता. पण ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळलं आणि ४८ जण गेले. त्यामुळे ‘आर-१०१ने कराचीला आलेलं पत्र’ असूच शकत नाही.

‘हिंडेनबुर्ग’ या जर्मन एअरशिपच्या नावाने फार फसवणूक होते. ६ मे १९३७ ला ते जळालं तेव्हा त्यावर सुमारे १७ हजार टपाली वस्तू होत्या, वाचल्या चारशेहून कमी. म्हणून मेणबत्तीवर कडा जाळलेली पाकिटं विकायला येतात. जळकी कड हा पुरावा नव्हे. उलट याच शेवटच्या प्रवासाची न जळलेली खरी पाकिटंही आहेत: ३ मेच्या संध्याकाळी फ्रँकफुर्ट सोडल्यावर कलोनवरून जाताना काही टपाल खाली टाकलं होतं, ते वाचलं. आणि १९३६ च्या उड्डाणांची पाकिटं तर पुष्कळच मिळतात. त्यांना दुर्घटनेचा भाव देऊ नका.

अमेरिकेची १९३० ची तीन झेपेलिन तिकिटं (६५ सेंट हिरवं, १.३० डॉलर तपकिरी, २.६० डॉलर निळं) नकली फार. २.६० चं तिकीट जेमतेम ६१ हजार विकलं गेलं, उरलेली नष्ट केली. दहापट भिंगाखाली धरा. खऱ्या तिकिटात कोरीव छपाईच्या सलग रेषा दिसतात आणि आडव्या उजेडात शाई किंचित उठलेली जाणवते. ठिपके दिसले तर ती ऑफसेट नक्कल. कडेला दोन सेंटिमीटरमध्ये ११ छिद्रं भरली पाहिजेत. मागचा गोंद दात्यांच्या टोकांपर्यंत ओघळून ती ताठ झाली असतील, तर तो नंतर लावलेला आहे. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही मारून बघा: कागद निळसर-पांढरा झगझगला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, कारण कागद उजळवणारी रसायनं त्याआधी वापरात नव्हती. नुसत्या नजरेला हा फरक खात्रीने ओळखता येत नाही.

एअरशिपच्या सांगाड्याचा म्हणून मिळणारा ड्युरालुमिनचा (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) तुकडा हलका असतो आणि त्याला चुंबक चिकटत नाही. पण तोच धातू विमानांतही वापरत, म्हणून कागदपत्रांशिवाय घेऊ नका. असलाच तर चिंच, लिंबू, राख यांनी घासू नका. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस्स.

पाकिटांना लॅमिनेशन मात्र कधीच नको. उष्णतेने गोंद वितळतो आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीचा तेलकट डागही कागदात कायमचा मुरतो. पीव्हीसीचे मऊ कप्पे काही वर्षांनी चिकट होऊन शाई ओढून घेतात. पॉलिस्टरच्या स्लीव्हमध्ये ठेवा, अल्बम उभा ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका.

पाकिटं भिजलीच असतील तर उन्हात नकोत, आणि एकमेकांना चिकटलेली ओढून सोडवू नका. दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर हलकं पुस्तक ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी धरू शकते, म्हणून गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, मग सवडीने थोडी थोडी पाकिटं काढा. या खटाटोपात एखादं तिकीट आपोआप सुटलं तर पुन्हा चिकटवू नका, त्याच पाकिटाबरोबर त्याच स्लीव्हमध्ये ठेवा.

आपले,
हवाई टपालाचे काही संग्राहक, सांगली