पीडीएफवर भागवू नका, पुस्तकाची मजकूर-फाईल मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावोगावच्या लेखकांची पुस्तकं आपल्या विदर्भात तालुक्याच्या डीटीपी सेंटरात जुळतात आणि नागपूर-अमरावतीच्या प्रेसमध्ये छापली जातात. छपाई उरकली की लेखकाला पुस्तकांचे गठ्ठे मिळतात आणि मागितलीच तर एक पीडीएफ. पुढे ई-पुस्तक काढायचं ठरलं की तीच पीडीएफ सगळीकडे फिरते. ही रीत वाचकाच्या सोयीची नाही, आणि पुस्तकाच्या पुढच्या आयुष्याला तर घातकच आहे.

खेड्यातला वाचक मोबाईलवर वाचतो. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, ‘डेमी’ म्हणतात ते छापील पान त्या पडद्यावर मावतं, पण अक्षर वाचवत नाही. मोठं करावं तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. पानं स्कॅन करून केलेली पीडीएफ असेल तर २०० पानांना सहज दहा-वीस एमबी किंवा त्याहून जास्त लागतात. तेच पुस्तक ईपबमध्ये, म्हणजे पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाईलमध्ये, लहान मुखपृष्ठासह, एक एमबीच्या आसपास बसतं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओळी आपोआप नव्याने जुळतात आणि अंध वाचकाला मोबाईल ते वाचून दाखवतो.

खरी अडचण मूळ फाईलची आहे. कितीतरी ठिकाणी अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुने बिगर-युनिकोड फॉन्टच चालतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट काढला की फाईलमध्ये मराठी उरतच नाही. पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाईल उघडतात, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणून ज्यांचा जुना संगणक अजून चालू आहे त्यांनी तो भंगारात देण्याआधी सगळी पुस्तकं त्याच्यावरूनच आरटीएफमध्ये (फॉन्टची नोंद ठेवणाऱ्या मजकूर-फाईलमध्ये) काढून ठेवावीत. साध्या टेक्स्टमध्ये काढू नयेत, कारण कोणता शब्द कोणत्या फॉन्टात आहे ही नोंद त्यात पुसली जाते. मग युनिकोडमध्ये बदलताना मधले इंग्रजी शब्द आणि आकडेही मराठी समजून बदलले जातात.

बदलून आलेला मजकूर तसाच ईपबमध्ये टाकणं म्हणजे लेखकावर अन्याय आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफाराचं याच्या उलट. बदलणारं सॉफ्टवेअर जोडाक्षरांवर हमखास अडखळतं, म्हणून ‘स्थिती’, ‘निष्क्रिय’ असे शब्द आधी शोधून पाहावेत. दुसरी चूक ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होण्याची. ती एका फटक्यात ‘सगळं बदला’ करून सुधारता येत नाही. तसं केलं तर ‘मर्यादा’ आणि ‘कार्यालय’ बिघडतात. एकेक जागा पाहावी लागते. शिवाय हे ‘ऱ्य’ अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, दिसायला दोन्ही सारखीच, पण शोध घेताना एकच सापडतं. पुस्तकभर एकच प्रकार ठेवावा; खाली टिंब (नुक्ता) असलेल्या ‘ऱ’चा प्रकार जास्त टिकतो, कारण दुसऱ्यातलं अदृश्य जोडचिन्ह फाईल इकडून तिकडे नेताना गळून पडतं.

फाईलच नसेल आणि फक्त छापील प्रत उरली असेल तर स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, वापरावं. स्कॅन किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांत. स्कॅन स्वच्छ करताना डाग पुसणारं फिल्टर बंदच ठेवावं, ते डागांबरोबर अनुस्वारही पुसतं आणि ‘केलं’चं ‘केल’ होतं. धातूच्या खिळ्यांवर जुळवलेल्या जुन्या पुस्तकांत ब-व, भ-म, घ-ध, थ-य यांची सरमिसळ ठरलेलीच. आपल्याकडच्या पुस्तकांना आणखी एक धोका आहे. वऱ्हाडीतल्या ‘डोया’, ‘काया’ला शुद्धलेखन-तपासणी चूक ठरवते आणि आपोआप दुरुस्ती चालू असेल तर त्याचं ‘डोळा’, ‘काळा’ करून टाकते. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या नाटकांच्या संहितांचंही तेच. अशा मजकुरावर ही दुरुस्ती कधीही चालू करू नये, आणि मुद्रितशोधक ती बोली बोलणारा असावा.

करारपत्राकडेही लेखकांनी पाहावं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्क देताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं आणि करारात ज्याचा स्पष्ट उल्लेख नाही, त्याचे हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. नव्या करारात ई-पुस्तकाचं मानधन वेगळं लिहावं आणि छपाईनंतर युनिकोड मजकुराची फाईल लेखकाला मिळेल हे कलम घालावं. ई-पुस्तकाला आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांकही वेगळा लागतो. भारतात तो मोफत मिळतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पुस्तकांना अनुदान देतं, आपली प्रकाशनं संकेतस्थळावर विनामूल्य पीडीएफमध्ये ठेवतं. या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच ही विनंती: अनुदानित पुस्तकाच्या छापील प्रतींसोबत युनिकोड मजकूर आणि ईपबचेक या फाईल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासलेला ईपब जमा करण्याची अट घालावी. पुस्तक सुरुवातीपासून युनिकोडमध्ये जुळवलं तर यासाठी फार जास्तीचा वेळ लागत नाही. जुन्या पुस्तकांचं काम मात्र मुद्रितशोधकाच्या नजरेवरच होतं. त्याची मजुरी पानामागे ठरवून अनुदानातच धरावी.

आपले,
अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करणारे दोन वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ