'विक्रांत'च्या डेकवर वारा आणणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचा, 'विक्रांत'चा डायोरामा, म्हणजे समुद्र-माणसांसकट उभा केलेला प्रसंग, पूर्ण झाला. काचेची पेटीही बसवून झाली. फोनवर हे तुम्हाला सांगितलंच आहे, पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. 'थांब, काकूला देतो' म्हणता आणि विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माझ्यासारखे युद्धनौकांची मॉडेलं करणारे पुष्कळजण आहेत. आराखड्यात आणि फोटोत जे सापडत नाही ते त्या जहाजावर राबलेल्या माणसाकडे सापडतं, हे त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

मला १९७१ची 'विक्रांत' करायची होती, हे तुम्हाला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी पाहिलेली 'विक्रांत' म्हणजे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, चढ असलेली. तो स्की-जंप १९८०च्या दशकातला, सी हॅरियर विमानांसाठी बसवलेला. १९७१मध्ये डेक नाळेपर्यंत सपाट होता आणि त्यावर विमानाला झटक्यात पुढे फेकणारं वाफेचं कॅटापल्ट होतं. १९९७मध्ये निवृत्त झालेली ही नौका २०१४मध्ये मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यात तोडायला घेतली, त्यामुळे जाऊन मोजमाप घ्यायची सोयच उरली नाही. हाती होते जुने आराखडे आणि काळे-पांढरे फोटो. सांगाडा त्यावरून उभा राहिला. मूळ जहाज ७०० फूट म्हणजे २१३ मीटर लांब. १:३५० या स्केलला ते ६१ सेंटिमीटर होतं. प्लास्टिक शीटच्या आडव्या फासळ्या, त्यावर पट्ट्या, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. हे काम वेळखाऊ असलं तरी वाट माहीत असलेलं काम आहे. ज्याला आराखडाच नाही, ते काम तुमच्याशिवाय झालं नसतं.

मी क्षण निवडला होता ४ डिसेंबर १९७१चा. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्यासाठी सी हॉक विमानं निघताहेत, एक कॅटापल्टवर आहे, बाकीची मागे रांगेत. मी तुम्हाला विचारलं होतं, माणसं कुठे उभी करू? तुम्ही थोडं थांबलात आणि उलट विचारलंत, "वारा कुठून आहे ते ठरवलंस का?"

काका, या एका प्रश्नावर सगळा डायोरामा उभा आहे. विमानं सोडताना जहाज वाऱ्याला तोंड देतं, हे वाचून माहीत होतं. पण त्याचा अर्थ मॉडेलवर काय होतो, ते तुम्ही एकेक करून उलगडलंत. आयलँडवरच्या, म्हणजे डेकच्या कडेला उभ्या मनोऱ्यावरच्या, धुरांड्याचा धूर मागे जाणार. कॅटापल्टच्या खाचेतून निसटणारी वाफ डेकला चिकटून मागे पळणार. निशाण मागेच ताणलेलं असणार. नाळेकडे तोंड करून उभा असलेला माणूस किंचित पुढे वाकलेला असणार, पाठ फिरवलेला मागे रेललेला. या साऱ्यात एकजरी वस्तू दुसऱ्या दिशेला गेली, तरी पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण जहाज खोटं वाटेल. मी एका कागदावर बाण काढला, तो टेबलासमोर भिंतीवर लावला आणि प्रत्येक वस्तू चिकटवण्याआधी त्या बाणाकडे बघत राहिले.

मग समुद्र. युद्धनौकेचा डायोरामा म्हटला की लोक उसळत्या लाटा करतात, नाळेवर पांढऱ्या फेसाचा डोंगर करतात. दिसायला ते छान असतं. तुम्ही मात्र सांगितलंत की त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात वारा पडलेला असायचा आणि 'विक्रांत'चा एक बॉयलर तडे गेल्यामुळे बंद होता. चारपैकी तीनच बॉयलरवर जहाज लढाईला गेलं. एरवी २४ नॉटच्या आसपास पळू शकणाऱ्या जहाजाच्या वेगावर मर्यादा होती. वारा कमी आणि वेगही कमी, म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी, म्हणजे उडणाऱ्या आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचं काम कठीण. विशेषतः जड अलिझे विमान परत डेकवर उतरायचं तेव्हा सगळे श्वास रोखून उभे असत, असं म्हणाला होतात. ही गोष्ट मॉडेलमध्ये दाखवायची कशी? त्याचं उत्तर पाण्यात होतं. नाळेपाशी फेस बेताचा ठेवला, मागचा माग अरुंद आणि लवकर विरणारा केला, आणि लाटा लांब, सुस्त, माथ्यावर पांढरं जवळपास नसलेल्या. थर्माकोलवर टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून पसरला, ओला असतानाच ब्रशने हलके दाबत लाटा काढल्या, सुकल्यावर निळ्या-हिरव्याचे पातळ थर आणि शेवटी चकाकी. माझ्या मते या डायोरामातली सगळ्यात बोलकी गोष्ट तो शांत समुद्रच आहे. आजारी बॉयलर घेऊन गेलेल्या जहाजाची हिंमत त्या बेताच्या फेसात दिसते. ज्यांना ठाऊक आहे ते बघताक्षणी ओळखतात, आणि ज्यांना नाही ते विचारतात. दोन्ही वेळी मला तुमचं नाव घ्यावंसं वाटतं. तुम्ही बजावलं आहे म्हणून घेत नाही.

माणसांविषयी तर किती लिहू. या स्केलला उभा माणूस जेमतेम पाच मिलिमीटरचा. पितळी पत्र्यातून कोरलेल्या आकृत्या चपट्या असतात. त्यांच्या अंगावर सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब ठेवून थोडी जाडी आणायची, आणि चिमट्याने कंबर, गुडघा, हात वाकवायचा. कोणाला किती वाकवायचं हे तुम्ही सांगितलंत. नातवाने फोन समोर धरला होता आणि तुम्ही ओटीवर उभं राहून, या वयात, विमानाच्या पोटाखाली शिरणारा माणूस कसा बसतो ते करून दाखवलंत. काकू मागून ओरडत होत्या. कॅटापल्टचा तो तारेचा फास विमानाच्या पोटाखालच्या आकड्यांना अडकवायचा, शेपटाकडे मागे धरून ठेवणारी कडी लावायची आणि तिथून वाकूनच बाहेर पडायचं, ताठ उभं राहायचं नाही. माझ्या डेकवर ती दोन माणसं आता तशीच आहेत, एक अजून विमानाखाली आणि एक बाहेर निघताना.

सी हॉक आणि अलिझे यांच्याजवळ माणसं वेगवेगळी का उभी राहतात, हे तर मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सी हॉकचं जेट इंजिन पोटात एकच, पण त्याचा झोत दोन वाटांनी फुटून पंखांच्या मुळाशी, अंगाच्या दोन्ही बाजूंनी मागे बाहेर पडतो. म्हणून तिथे भीती मागच्या बाजूला, शिवाय पंखांच्या मुळाशी हवा ओढणारी तोंडं, तिथेही जायचं नाही. अलिझेला नाकावर पंखा. फिरताना तो दिसत नाही, म्हणून भीती पुढे. तुम्ही म्हणालात, "आमचे पाय आपोआप वळायचे, कुठलं विमान आहे त्यावर." ते वाक्य ऐकल्यावर मी डेकवरची सगळी माणसं विमानाप्रमाणे नव्याने मांडली. मागे पंख दुमडून बांधून ठेवलेल्या अलिझेभोवती माणसं आता पंखांच्या बाहेरून, मागच्या अंगाने वावरतात. विमानाच्या चाकांना लावायचे अडसर, चॉक, घेऊन पळणारा पोरगा आहे, तो तुम्ही आहात. हे तुम्हाला आजच सांगते आहे.

विमानांचा रंग ठरवताना तुमच्या आठवणीची आणि फोटोंची छान गाठ पडली: वरून गडद राखाडी, पोटाला फिकट. निशाणाचा आग्रह तर तुमचाच. आज नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, २०२२मध्ये नवी 'विक्रांत' दाखल झाली त्याच दिवशी ते निशाण आलं, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण १९७१चं निशाण पांढरं, त्यावर तांबडा क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा. "तेव्हा ज्याला आम्ही सलाम केला तेच लाव," असं तुम्ही म्हणालात. तेच लावलं आहे. मधलं अशोकचक्र एका केसाच्या ब्रशने रंगवलं, भिंगातून बघितलं तर दिसतं.

काका, हे जहाज १९४५मध्ये इंग्लंडमध्ये 'हर्क्युलिस' म्हणून पाण्यात उतरलं, दुसरं महायुद्ध संपलं म्हणून अर्धवट पडून राहिलं, १९५७मध्ये भारताने घेतलं, बेलफास्टला पुरं केलं आणि १९६१मध्ये आपल्या नौदलात आलं. ही माहिती कोणालाही मिळते. कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं, सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांनाही मिळालं, हेही नोंदलेलं आहे आणि असायलाच हवं. चॉक ओढणारे, तारा लावणारे, रात्री डेकवर विमानं ढकलणारे मात्र कुठल्याच मजकुरात येत नाहीत. जहाज भंगारात गेलं, त्याचं पोलाद वितळलं, पण डेकवर कोण कुठे उभं होतं ते तुमच्या अंगात शिल्लक आहे. तुम्ही ते एका अनोळखी मुलीला, एकदाही कंटाळा न करता, आंब्याच्या हंगामाच्या धांदलीतसुद्धा दिलंत. त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढून पाठवलेली तुमची डेकची चित्रं मी फाईलला लावून जपली आहेत. ती परत मागू नका.

काकूंनाही नमस्कार सांगा. कितीतरी वेळा त्यांनी तुमचा चहा गार होऊ दिला तो माझ्या प्रश्नांमुळे.

पावसाळा संपला की पेटी घेऊन तिकडे येते. घाटातल्या हादऱ्यांनी काही निखळू नये म्हणून मास्ट आणि रडार वेगळे बांधून आणीन, तुमच्या ओटीवरच बसवू. येताना पुढच्या कामाचे प्रश्नही आणणार आहे: मागची लिफ्ट अर्ध्यावर आलेली, तिच्यावर अलिझे, आणि खाली हँगरमधली माणसं. हँगरमध्ये दिवे कसे होते, आणि लिफ्टच्या कडेला कोण उभं राहायचं, एवढं तोवर आठवून ठेवा.

तुमची,
नाशिकची मुलगी