कथा कशात लिहायची, आणि कुणाकडे पाठवायची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांची मागणीपत्रं यायला लागली की आमच्या लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच विषय निघतो, की कथा कशात लिहायची. कोणी म्हणतं स्क्रिव्हनर नावाचं लेखकांसाठीचं ॲप घ्या, कोणी म्हणतं गुगल डॉक्स फुकट आहे की, आणि जिची कथा अडलेली असते ती बिचारी कथा बाजूला ठेवून ॲप शिकत बसते.

स्क्रिव्हनर वाईट नाही हां. ज्याने ते केलं त्या कीथ ब्लाउंटला स्वतःलाच कादंबरी लिहायची होती, वर्डमधे जमेना म्हणून त्याने ते बनवलं, २००७ साली बाजारात आलं. त्याची खरी गंमत म्हणजे प्रसंग कार्डासारखे मांडून हलवता येतात. पण एवढंच हवं असेल तर वर्डमधे प्रत्येक प्रसंगाला हेडिंग द्या, नेव्हिगेशन पेन उघडा, डावीकडे यादी दिसते, त्यातलं नाव माउसने धरून वर नेलं की खालचा अख्खा मजकूर त्याच्यामागे जातो. लिबरऑफिसमधे हेच काम नेव्हिगेटर करतो, आणि ते फुकट आहे.

माझी एक कथा अशीच रखडली होती. आत्या गावचं घर विकायला एकदम तयार का होते ते काही केल्या पटेना. मी कारणं वाढवत होते, कर्ज घातलं, आजारपण घातलं, आणि दरवेळी ती जास्तच खोटी वाटायची. शेवटी विक्रीचा प्रसंग उचलून सुरुवातीला टाकला आणि कारण सांगणारं पानच काढून टाकलं, मग पुढे ती शेजारणीला परसातली शेगटाची झाडं वाटून टाकते तिथे आपोआप कळायला लागलं. हे काही सॉफ्टवेअरला सुचलं नाही, पण प्रसंग हलवणं सोपं होतं म्हणून करून बघायची हिंमत झाली, हातानं लिहिलेलं असतं तर कोण परत उतरवून काढतंय!

संवाद अडला तर मी फोनवर व्हॉइस टायपिंग लावून घरात फेऱ्या मारत बोलते. विरामचिन्हं नीट येत नाहीत आणि बोलीतलं ‘व्हतं’ ते गुपचूप ‘होतं’ करून टाकतं, तेवढं नंतर निस्तरावं लागतं. स्पेलचेक मात्र पहिल्या खर्ड्याला बंदच ठेवते, कारण मराठीत एका शब्दाला ‘वरच्यांनासुद्धा’ असली शेपटी लागली की तो लगेच लाल रेघ मारतो, आणि मालवणी संवाद असेल तर मग पानभर लालच.

थोडक्यात घरातलं भागतं. खरी अडचण कथा बाहेर पाठवताना येते आणि त्यासाठीच हे पत्र.

अंकाची पानं लावायला अजून बऱ्याच ठिकाणी पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर चालतं, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे आणि ज्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सगळ्या मशीनवर सारखाच क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. मग आपली युनिकोडमधली फाइल कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमधे जाते किंवा ऑपरेटर सगळं परत टाइप करतो. माझ्या एका छापील कथेत ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं, ‘कुऱ्हाड’ची ‘कुर्हाड’ झाली, अवतरणचिन्हं गायब, त्यामुळे कोण बोलतंय तेच कळेना, आणि प्रूफ दाखवायला म्हणे वेळ नव्हता. पानं लावायचं इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर असलं तरी त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर हे आपल्यासारख्या लिप्यांसाठीचं सेटिंग निवडलेलं नसलं तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. ते बदलायला मिनिट लागत नाही, पण ते कोणीतरी बघायला तर हवं.

जुन्या फॉन्टवाल्यांना मी नावं ठेवत नाही, श्रीलिपी आणि आकृतीसारख्या फॉन्टनीच मराठी छपाई कॉम्प्युटरवर आणली, तेव्हा दुसरं होतंच काय. पण त्या फाइलमधे आतून मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसता गोंधळ, शोधायला ‘आत्या’ टाइप केलं तर सापडत नाही. कित्येक अंकांचा जुना मजकूर असा सीडीत पडून असणार, उद्या कोणाला संग्रह काढायचा म्हटलं तर सगळं परत टाइप करा!

म्हणून नवीन लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या पण युनिकोडमधे लिहा, आणि शेवटचा खर्डा साध्या टेक्स्ट फाइलमधेसुद्धा ठेवा.

आणि संपादकांना विनंती, मागणीपत्रात शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख असते तशीच अजून एक ओळ घाला, की युनिकोड चालेल का आणि छापण्याआधी पीडीएफ प्रूफ लेखकाला पाठवणार का. तुमच्या रविवार पुरवणीत ‘साहित्य पाठवा’ अशी चौकट असते, त्यात फक्त ईमेल आयडी दिलेला असतो. ही ओळ तिथूनच सुरू करता येईल का?

आपली,
एक कथालेखिका, मिरज