कुत्रं हुशार, मालकाचं काय?

संपादक महोदय,

दादर (रब्बी ज्वारी) काढून झाली की आमच्या चोपडा भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तित्तर धरणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. हल्ली काही हौशी मंडळी पॉइंटर जातीचं कुत्रंही आणतात. ते जनावर मात्र बघत राहावं असं! वाऱ्यावर वास लागला की बांधावरच्या बोरीसमोर एक पाय उचलून, शेपटी ताठ करून जागीच थिजतं. पक्षी उडेपर्यंत हलत नाही. दोष त्याचा नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तित्तर-लावा मारणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी ढाब्यावर 'स्पेशल' मिळतंच, आणि खाणारे काही उपाशी नसतात. वाळवी, किडे टिपणारा हा पक्षी खरं तर शेतकऱ्याच्याच कामाचा.

न्यूझीलंडमध्ये तोंडाला जाळी बांधलेल्या, शिकवलेल्या कुत्र्यांकडून किवी शोधून त्यांच्या नोंदी ठेवतात. वन विभागाने आपल्याकडे अभयारण्याबाहेरच्या माळावर तित्तरांची गणती अशी करून पाहावी. हौशींची हौसही फिटेल. तोवर शिवारात कुणी फासे लावताना दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

– एक कापूस उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव